औषध न विकणारे काका

कीटकनाशकाच्या दुकानात जाऊन कीटकनाशक मागणं हा गुन्हा असू शकतो, हे मला अंबाडीला गेल्यावर कळलं.

मी तेव्हा फवारणीची औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत नवाच लागलो होतो. राहायला भिवंडीत, कामतघरला. एरिया मिळाला होता भिवंडी-वाडा रोडचा. सकाळी लूमच्या खडखडाटातून बाईक बाहेर काढायची, गोदामांकडे वळणाऱ्या कंटेनरांच्या मधून वाट काढायची, खड्डे चुकवत अंबाडी नाक्याला पोचायचं आणि रस्त्यावरच्या एकेका कृषी सेवा केंद्रात बॅग उघडायची. मेडिकलचे रिप्रेझेंटेटिव्ह डॉक्टरांकडे जातात तसंच आमचं काम. फरक एवढाच, की डॉक्टरांना आपला धंदा औषधावर चालतो हे मान्य असतं.

नाक्यापासून जरा पुढे एक जुनं दुकान होतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरमागे साठीच्या आसपासचा एक काटकुळा गृहस्थ बसला होता. ऐन दुपारी गळ्यात मफलर आणि मफलरवर दोरीला बांधलेलं एक भिंग. समोर एक शेतकरी उभा होता.

"काका, भेंडीवर मारायचा औषध द्या."

"औषध आजाऱ्याला देतात. भेंडी आजारी आहे का?"

"किडे पडलेत."

"कुठले?"

"हिरवे."

"किती?"

"लय हायेत."

"लय म्हणजे? एका पानावर किती?"

"आता ते कोन मोजतो काका?"

"मग तुला औषध नको, शाळा पाहिजे. जा, मोजून ये."

शेतकरी निघून गेला. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. काकांनी भिंग डोळ्याला लावून माझ्याकडे पाहिलं.

"कंपनीचा का?"

"हो, सर. औषधांच्या..."

"बाटली काढ. त्या लाल त्रिकोणाच्या वर काय आहे?"

"कवटी, सर."

"आणि कवटीच्या खाली काय लिहिलंय?"

मी वाचलं. "विष."

"मग तू विषवाला. औषधवाला म्हणून पुन्हा ओळख सांगू नको. बस. चहा घेणार?"

तेव्हापासून मी तिथे विषवाला झालो. "ये रे विषवाल्या" असं ते रस्त्याच्या पलीकडून हाक मारून म्हणायचे, आणि बसथांब्यावरची माणसं बॅग जवळ ओढून घ्यायची.

दुकानाच्या दारात खताच्या रिकाम्या गोण्या ओळीने मांडलेल्या होत्या. तोंडं दुमडलेली, आत माती, आणि मातीत बटाट्याची झाडं. आमच्या भागात बटाटा कुणी लावत नाही. भात झाला की काकडी, भेंडी, वांगी, मिरची. पण काकांचं बटाट्यावर प्रेम होतं. ते भिवंडीच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकले होते, पदवी झाल्यावर नोकरी मिळाली नाही आणि वडिलांचं दुकान मिळालं. शिकले झाडांबद्दल आणि बसले विषात, असं ते स्वतःच सांगायचे. कॉलेजातल्या कुठल्याशा प्रयोगापासून बटाटा त्यांच्या डोक्यात बसला होता, तो काही उतरला नाही.

चहा येईपर्यंत त्यांनी मला गोणीपाशी नेलं. "पान चोळ."

मी चोळलं. बोटांना किंचित चिकट लागलं.

"लव आहे ती. तिच्या टोकाला डिंकासारखं असतं. आपल्या बटाट्याला कमीच असते, पण याची जी रानटी भावकी आहे ना डोंगरातली, तिच्या पानावर मावा बसला की त्याचे पाय चिकटतात. हलता येत नाही. उपाशी मरतो. आणि एखाद्या अळीने पान खाल्लंच, तर झाड उरलेल्या पानांत असलं काही तयार करतं, की पुढचा घास अळीच्या पोटात पचत नाही. वर वास सोडतं. त्या वासाने अळीचे वैरी येतात."

"कोण वैरी?"

"गांधीलमाशीची बारीक जात. चिलटाएवढी. आणि बटाटा उन्हात राहिला की हिरवा पडतो, कडू लागतो, ठाऊक आहे ना? ते त्याचं स्वतःचं विष. म्हणजे याच्या घरचा कारखाना आहे. त्याने माझ्या दुकानात यावं, असं वाटतं तुला?"

मी नवा होतो. ट्रेनिंगमध्ये अशा प्रश्नाचं उत्तर शिकवलं नव्हतं. मी चहा संपवला, नमस्कार केला आणि पाणी प्यायला म्हणून दुकानाला वळसा घालून मागे गेलो.

मागे एक खिडकी होती. खिडकीत एक ठसठशीत बाई, डोक्यावर पदर, आणि बाहेर तोच मघाचा भेंडीवाला. बाईंनी कागदात गुंडाळलेली बाटली त्याच्या हातात दिली.

"नाकातोंडाला फडका बांद. वाऱ्याच्या समोर उभा राऊन मारू नको. मागच्या बारीला मारलास नि दोन दिवस वकत बसलास. हात धू साबणानं. आनि पुढून जाऊ नको."

मग त्यांनी मला पाहिलं. "कंपनीचं का भाऊ तुमी? या. पुढं बसतात ते आमचे हे. दुकान इथं हाय."

अंबाडीतला व्यवहार असा चालायचा. पुढून सल्ला, मागून बाटली. सल्ला फुकट होता आणि बाटलीही वाजवी भावात, त्यामुळे गिऱ्हाइकांची तक्रार नव्हती. काही जुनी माणसं तर मुद्दाम आधी पुढे जायची. एकाने मला सांगितलं, "आदी काकाचा ऐकून घ्यायचा. मग काकीकडं जायचा. न्हायतर काकी विचारते, त्यांना विचारलास का?"

मला बरेच दिवस एक कोडं होतं, काकांना हे माहीत आहे का? कपाटं रिकामी होतात, नवा माल येतो, पुन्हा रिकामी होतात. एकदा मी आडून विचारलंही.

"माल खपतो हो काका तुमचा."

"खपतो," काका शांतपणे म्हणाले. "कसा, देव जाणे. उंदीर नेत असतील."

त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

झाडांना लढू द्यावं म्हणणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र अतोनात भित्रा होता. एक शिंक आली की डॉक्टर. दोन शिंका आल्या की भिवंडीचा मोठा डॉक्टर. मफलर बारा महिने. वाफ, काढा, गोळ्या, सगळं एकाच दिवशी. काउंटरच्या खणात त्यांच्या गोळ्यांचा साठा दुकानातल्या मालाहून मोठा असायचा. डास दिसला तर उठून, दार लावून, टॉवेल घेऊन त्याच्या मागे लागायचे.

मी एकदा म्हटलं, "काका, शरीराला पण लढू द्या की जरा."

ते चिडले नाहीत. उलट शिकवायला मिळालं म्हणून खुलले. "हे बघ, झाडाला पाय नाहीत. पळता येत नाही, म्हणून त्याला सगळं जागच्या जागी शिकावं लागलं. मला पाय आहेत. मी डॉक्टरकडे जातो. प्रत्येकाने आपापला अवयव वापरावा."

आणि एक गोळी घेतली.

आमचा एरिया मॅनेजर दर थोड्या दिवसांनी मुंबईहून यायचा. हिंदी बोलणारा, सूट घालणारा, घाईतला माणूस. त्याला मराठी समजायचं नाही, पण समजतं असा चेहरा करता यायचा. त्याने एकदा ठरवलं, अंबाडीला शेतकरी मेळावा घ्यायचा. नाक्यावरचा हॉल घेतला, टोप्या वाटल्या, वडापाव, चहा. पडद्यावर किडे मरताना दाखवले. शेवटी मॅनेजर म्हणाला, "हमारे पुराने डीलर दो शब्द बोलेंगे."

काकांनी मफलर सारखा केला आणि उभे राहिले.

"मंडळी, या कंपनीचं हे औषध फार चांगलं आहे. मी स्वतः पाहिलंय. किडे मरतात. तुमच्या शेतातले मरतात, शेजाऱ्याच्या शेतातले मरतात, किड्यांना खाणारे असतात तेही मरतात. पुढच्या खेपेला नवे किडे आले की त्यांना खाणारं कुणी उरलेलं नसतं. मग तुम्ही पुन्हा दुकानात येता. असा कंपनीचा आणि तुमचा संबंध वर्षानुवर्षं टिकतो. या आपुलकीबद्दल कंपनीतर्फे मी तुमचे आभार मानतो."

हॉल टाळ्यांनी दणाणला. मॅनेजरनेही जोरात टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे वाकून म्हणाला, "क्या बोला?"

"आभार माना, सर," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

गंमत म्हणजे त्या महिन्यात मागच्या खिडकीवर रांग लागली. मी एका शेतकऱ्याला विचारलं, "अहो, काका तर घेऊ नका म्हणाले." तो म्हणाला, "म्हनूनच तर. जो दुकानदार घेऊ नका म्हनतो, त्याच्याकडचा माल नकली कसा आसंल?" वर्षअखेरीला कंपनीने उत्तम विक्रीबद्दल काकांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. मॅनेजरने माझी पाठ थोपटली आणि ऑफिसात म्हणाला, ये लड़का उल्टी मार्केटिंग करता है, सीखो इससे.

काकांनी घड्याळ खोक्यातून काढलं, भिंगाने त्यावरचं कंपनीचं नाव वाचलं आणि आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "अगो, हे तुझं आलंय बघ. खिडकीपाशी लाव."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. आतून काकी नुसती हसली. मी त्या दोघांमध्ये पडायचं नाही असं ठरवलं.

जनूची गोष्ट त्यानंतरच्या हिवाळ्यातली. जनू म्हणजे तानसा नदीकाठच्या एका पाड्यावरचा तिशीतला शेतकरी. घरी बायको आणि म्हातारी आई. त्याची सासुरवाडी मंचरकडची, तिथे बटाटा पिकतो. मेव्हण्याने त्याला बियाण्याची गोणी दिली आणि म्हणाला, लावून बघ. जनू काकांकडे विचारायला आला. काकांना इतका आनंद झाला, की त्यांनी मफलर काढून ठेवला.

"बटाटा लावतोस? शेतात? खऱ्या शेतात?"

"पन काका, किडा लागला तर?"

"लागू दे. तू काही मारायचं नाहीस. मी येतो रोज."

आणि खरंच जायला लागले. सकाळी दुकान उघडायच्या आधी स्कूटरवर, मफलर, कानटोपी, वर स्वेटर अशा थाटात. जनूची आई बांधावर बसून त्यांच्याकडे बघत राहायची. एकदा मी बरोबर होतो. पानांना अळी लागली होती. जागोजाग चाळण झालेली. काका उकिडवे बसले, भिंग लावलं आणि एका जाड अळीला म्हणाले, "खा. पोटभर खा बाई. उद्या बोलू."

म्हातारी मला म्हणाली, "ह्यो कसला दुकानदार? अळी पान खातंय नि ह्यो हसतंय."

जनूची बायको नुसती पानांकडे आणि मग जनूकडे बघायची. त्या नजरेनेच जनू दुसऱ्या दिवशी गुपचूप मागच्या खिडकीकडे आला. पण खिडकीला कुलूप. काकी मुलीच्या बाळंतपणाला डोंबिवलीला गेली होती आणि चावी बरोबर घेऊन गेली होती. मी तिथेच होतो. जनूने माझ्या बॅगेकडे पाहिलं.

"भाऊ, एक बाटली असंल ना?"

बॅगेत होती. माझं टार्गेटही त्या महिन्यात पार खाली गेलं होतं, कारण काकी नाही म्हणजे विक्री नाही. पण काकांच्या पाठीमागे काकीने विकणं वेगळं आणि मी विकणं वेगळं. मी म्हटलं, "जनू, चल, पुढे जाऊन काकांनाच सांगू, की तुझा धीर सुटतोय."

काकांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "चार दिवस दे मला. चार दिवसांनी तुला वाटलं तर मी स्वतः बाटली देतो. माझ्या हाताने."

काका स्वतःच्या हाताने बाटली देणार, हेच इतकं अघटित होतं की जनूला नाही म्हणता आलं नाही.

त्या चार दिवसांत मॅनेजरचा फोन आला. "अंबाडी में क्या हो रहा है? सब कीड़े मर गए क्या?"

"नहीं सर. वो... पौधा खुद लड़ रहा है."

पलीकडून, "तुम्हारी तबीयत ठीक है ना?"

चौथ्या दिवशी आम्ही सगळे वावरात. काकांनी एक पान उलटं केलं. त्यावर एक अळी होती, मलूल पडलेली, आणि तिच्या पाठीवर तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे चिकटलेले.

"हे काय?" जनूने विचारलं.

"त्या चिलटाएवढ्या माशीची पिल्लं. अळीच्या अंगात वाढली, आता बाहेर येऊन कोष करून बसलीत. अळी संपली. झाडाने हाक मारली होती, ती पोचली." काका पुढच्या झाडाकडे गेले, मग त्याच्या पुढच्या. बऱ्याच पानांवर तेच. शेंड्याला कोवळी, धड पानं फुटत होती.

म्हातारीने हात जोडले. "देवाची करनी."

"झाडाची," काका म्हणाले. मग तिचा चेहरा बघून म्हणाले, "बरं, दोघांची."

पीक चांगलं आलं. कुठे उकरलं तरी बटाटा. काकांनी त्यातले टपोरे बटाटे आणून काउंटरवर माझ्या बाटल्यांच्या शेजारी मांडले. जो येईल त्याला दाखवायचे. नाक्यावरचा वडापाववाला, एसटीचा कंडक्टर, ज्योतिषी, कुणाला सोडलं नाही. एका बाईने भाव विचारला, तिला अर्धा तास मावा समजावून सांगितला. मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं. त्या सबंध पंधरवड्यात ते एकदाही शिंकले नाहीत.

बाजार तेव्हा पडलेला होता. जनू म्हणाला, "थोडे दिवस ठेवतो काका, भाव वर येईल." पडवीत ढीग घातला. काकांना विचारलं, वर काय टाकू? काकांनी विचारसुद्धा केला नाही. "पालाच टाक की बटाट्याचा. वाळलेला. ज्या झाडाने इतके दिवस राखलं, त्याचंच पांघरूण घाल."

उन्हं तापायला लागली होती. काही दिवसांनी मी दुकानात बसलो असताना जनू आला. हातात टोपली. ती त्याने काउंटरवर ठेवली आणि बाजूला उभा राहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

काकांनी एक बटाटा उचलला. डोळ्यापाशी, जिथे कोंब फुटतो तिथे, काळसर भुसा लागलेला होता. त्यांनी सुरीने चिरला. आत बोगदे, आणि बोगद्यात एक बारीक पांढरट अळी. दुसरा चिरला. तिसरा चिरला.

"सगळे?" त्यांनी विचारलं.

"वरच्या थरात सगळे. खाली थोडे सोडले तर बाकीचे पन."

"पाकोळी," काका अगदी हळू म्हणाले. "बटाट्याची पाकोळी, तो बारका पतंग. पाल्यातून आली असणार. पाला... मी सांगितला."

मी त्यांच्याकडे बघत होतो. भाषण येईल, कारण येईल, झाडाची बाजू येईल, असं मला वाटत होतं. काही आलं नाही. ते म्हणाले, "झाडावर होता तोवर लढला रे. तोडून ढिगात घातला, मग त्याच्याकडे काय राहिलं? ना पान, ना वास. हे मला सुचायला हवं होतं. एवढं शिकलो, आणि उपटल्यावर तो झाड राहत नाही हे विसरलो."

मग उठले, नाक्यावरून एक टेम्पो बोलावला आणि जनूचे सगळे बटाटे, चांगले नि किडके, बाजारभावाने घेऊन घरी आणले. जनू नको नको म्हणत होता. काकांनी ऐकलं नाही. किडक्या ढिगातले अगदी गेलेले पुरून टाकले आणि बाकीचे घरात भरले. पलंगाखाली बटाटे, देवघराच्या कोनाड्याखाली बटाटे, न्हाणीच्या दाराशी बटाटे. काकी नव्हती, त्यामुळे काका स्वतः किडका भाग काढून शिजवायचे आणि जो दुकानात येईल त्याला खायला घालायचे. त्यांना एकच प्रकार यायचा, उकडून मीठ. मी त्या दिवसांत बॅगेत चटणीची पुडी ठेवायला लागलो.

काकी बाळंतपण उरकून परतली, दारातच थांबली आणि तिने घरभर नजर फिरवली.

"हे काय?"

"जनूचं पीक," काका म्हणाले. "माझ्यामुळे गेलं."

काकीने पदर खोचला आणि ती थालीपीठ, काप, कीस, पापड यांच्या मागे लागली. त्या उन्हाळ्यात आमच्या कामतघरच्या चाळीतसुद्धा काकीने पाठवलेले बटाट्याचे पापड वाळत होते.

पण काकांचं काहीतरी बिनसलं, ते थालीपिठाने सुधारलं नाही. ते गप्प झाले. गोण्यांमधली माती ओतून टाकली. भिंग खणात गेलं. कुणी शेतकरी आला, 'काका, मिरचीवर मारायला द्या' म्हणाला, की उठायचे, बाटली काढायचे, समोर ठेवायचे. कुठला किडा, किती किडा, काही नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा तो शेतकरी बाटलीला हात न लावता बराच वेळ उभा राहिला. त्याला वाटलं, काका आपल्यावर रागावले.

विक्री दुप्पट झाली. माझं टार्गेट पावसाळ्यातच पुरं झालं. मॅनेजरने फोनवर अभिनंदन केलं. मला त्याचा आनंद होईना. दुकानात बसलं तरी बोलायला काही नसायचं. आम्ही दोघं रस्त्यावरचे कंटेनर बघत बसायचो.

एक दिवस काकीने मला मागे बोलावलं. खिडकी तिने हल्ली उघडणंच सोडून दिलं होतं.

"भाऊ, तुमी शिकलेले. त्यांना काय तरी बोला."

"काय बोलू काकी?"

"काय पन. भांडा. जो मागंल त्याला देत सुटलेत. काल एका पोऱ्यानं घरातल्या ढेकनांसाठी शेतीचा औषध मागितला, तो पन देत व्हते. मी हात धरला म्हनून. तीस वर्सं मी मागून विकलं, ते पुढं बसलेले म्हनून. कोन तरी अडवायला आहे, मग विकनाऱ्याला भ्या वाटत न्हाय. आता मलाच भ्या वाटतो." तिने पदराने तोंड पुसलं. "आनि डॉक्टरकडं पन जात न्हायत. दोन महिन्यांत एकदा पन गेले न्हायत."

ते ऐकून मात्र मला खरोखर काळजी वाटली.

मी भांडून बघितलं. मुद्दाम म्हटलं, "काका, आमच्या कंपनीचं नवं औषध आलंय, याने झाडाची ताकद वाढते." पूर्वी या वाक्यावर त्यांनी मला तासभर उभा केला असता. ते म्हणाले, "ठेव. बघू." आणि बाटलीवरचं लेबलसुद्धा वाचलं नाही.

भात कापून झाला. थंडी पडायला लागली. मी एका सकाळी दुकानात होतो. काउंटरपाशी एक शेतकरी वांग्यावर मारायला औषध मागत होता आणि काका कपाटातून बाटली काढत होते. काकी आतल्या दारात उभी होती. तेवढ्यात जनू आला. सायकलला एक गोणी बांधलेली.

"काका, बियानं आलं. चला."

"कुठे?"

"वावरात. कुठं म्हंजे? लावायचं ना?"

काकांनी बाटली हातातच धरली. "जनू, दुसऱ्या कुणाला विचार. माझ्यामुळे तुझं पीक गेलं."

जनूने सायकल स्टँडवर लावली आणि आत आला.

"पीक कवा गेलं? पीक तर आलं व्हतं. माझ्या आयेला विचारा. गेला तो ढीग. नि ढीग माझ्यामुलं गेला, भाव वर जायची वाट बगत मी बसलो व्हतो. तुमी पाला टाक म्हनालात, ते चुकलात. बरं, चुकलात. माझा मेव्हना गावाकडं दर सालाला फवारतो, त्याचा चुकतो तवा कंपनीवाला फोन पन उचलत न्हाय." इथे त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. "तुमी टेम्पो घेऊन आलात. तवा तुमालाच विचारनार. झाडाचा तुमाला येतो. ढिगाचा येत न्हाय, तो शिकून घ्या. पीक निघायला टाइम हाय अजून."

काका जनूकडे बघत राहिले.

"ढिगात वाळूचा थर द्यावा लागेल," ते म्हणाले. "कोरडी वाळू. वरून पाकोळीला डोळा सापडता कामा नये. आणि जमिनीत असतानाच माती चढवायला हवी. मागच्या वर्षी उघडे पडलेले बटाटे होते तुझ्या वाफ्यात, मी पाहिलेले. तेव्हाच बोलायला हवं होतं. आणि काढल्या दिवशी पाला शेतात ठेवायचाच नाही, लांब नेऊन..."

"ते सगळा तिकडं सांगा," जनू म्हणाला. "बियानं उन्हात हाय."

काकांनी बाटली कपाटात परत ठेवली. वांगीवाला शेतकरी हात पुढे करून उभा होता, त्याच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. खण ओढला, चाचपला, भिंग काढून गळ्यात अडकवलं. मफलर शोधत इकडे तिकडे पाहिलं, तो काकीने पुढे केला. चपला पायात सरकवताना ते जनूला विचारत होते, बियाणं कापून लावणार की अख्खं, कापलं असशील तर राखेत घोळवलंस का, आणि उत्तराची वाट न बघता स्कूटरला किक मारत होते. दोन किक फुकट गेल्या. तिसरीला सुरू झाली. जनू सायकलवर पुढे, काका मागे, त्याच्याशी मोठमोठ्याने बोलत, वाड्याच्या रस्त्याला लागले.

वांगीवाला काउंटरवरून वाकून त्यांच्याकडे बघत राहिला. मग काकीकडे वळला. "अवो, माझा औषध? काय झाला काकांना?"

"काय न्हाय," काकी म्हणाली. "बरे झाले."